फोन द्यायचा, पण एका ॲपपुरताच

रडणाऱ्या नातवाला बडबडगीत लावून द्यायचे असते. एसटी स्टँडवर अडलेला एखादा माणूस ‘एक फोन करू का’ म्हणून विचारतो. लग्नातला एक फोटो पाहुण्यांना दाखवायचा असतो. फोन देणारा नाही म्हणत नाही, पण त्याची नजरही फोनवरून हलत नाही. त्या एका गाण्याबरोबर बँकेचे मेसेज, यूपीआय, दवाखान्याचे रिपोर्ट, ऑफिसची मेल आणि नातेवाइकांशी झालेली बोलाचाली, सगळेच दुसऱ्याच्या हाती गेलेले असते.

या अडचणीवरचा उपाय दहाएक वर्षांपासून बहुतेकांच्या फोनमध्ये आहे. अँड्रॉइडवर त्याला ‘ॲप पिन करणे’ म्हणतात, आयफोनवर ‘गायडेड ॲक्सेस’. हवे ते एक ॲप उघडायचे, फोन त्यावर खिळवायचा आणि मग तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा. घेणाऱ्याला त्या ॲपमध्ये वावरता येते, पण बाहेर पडता येत नाही. सोय एवढीशी, पण तिच्यामागे संगणकाचा साठ वर्षांचा आणि टेलिफोनचा त्याहून जुना इतिहास आहे. तो पाहिला म्हणजे कळते, की फोन हे एकट्याचे यंत्र आहे ही समजूत अगदी अलीकडची आहे. तिला धक्का दिला तो मुलांनी, शिक्षकांनी आणि घरात एकच फोन असणाऱ्या माणसांनी.

डायलचे कुलूप

मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज 1882 साली सुरू झाले. कलकत्ता आणि मद्रासलाही त्याच वर्षी. त्यानंतरची शंभर वर्षे फोन मोजक्याच घरांत होता. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याच्याकडे फोन लागे त्याचा नंबर सगळ्या चाळीचा होई. लोक शेजाऱ्यांचा नंबर आपल्या कार्डावर छापत, पुढे ‘पीपी’ ही दोन अक्षरे लिहीत, आणि फोन आला की त्या घरातला मुलगा जिना उतरून हाक मारायला पळे.

आलेल्या फोनला पैसे पडत नव्हते, केलेल्याला पडत होते. बिल आले की घराघरांत चौकशी व्हायची, नागपूरला कोणी लावला, आठ मिनिटे कोण बोलले. यातून निघाले डायलचे कुलूप. बोटाच्या पेराएवढे ते कुलूप तबकडीच्या एका भोकात अडकवले की तबकडी फिरेनाशी होई. घंटी वाजली तर रिसीव्हर उचलून बोलता येई, नवा नंबर मात्र लावता येत नसे. किल्ली घरातल्या कर्त्या माणसाकडे. फोन सगळ्यांसाठी उघडा ठेवायचा आणि खर्चाची बाजू तेवढी बंद करायची, हा विचार त्या कुलपात होता. आज ॲप पिन करतो तेव्हा आपण त्याच विचाराने वागतो. वस्तू द्यायची, पण तिचा एक भागच द्यायचा.

त्या कुलपाला वळसा घालणारेही होते, आणि तो वळसा समजून घेण्यासारखा आहे. तबकडी फिरवून सोडली की ती मागे येताना लाइन ठरावीक वेळा क्षणभर तुटते. पाचासाठी पाच वेळा, नवासाठी नऊ वेळा, शून्यासाठी दहा वेळा. एक्स्चेंज हे तुटणेच मोजते. रिसीव्हर ठेवायच्या खटक्यावर तितक्याच झपझप टिचक्या मारल्या तरी लाइन तशीच तुटते आणि नंबर लागतो. कॉलेजातल्या पोरांना ही युक्ती पाठ होती. कुलूप तबकडीला लावले होते, लाइनला नव्हते. एकाच ॲपवर फोन खिळवण्याच्या आजच्या सोयीतही ही त्रुटी उरली आहे; ती कशी, ते पुढे येईल.

1984 मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने देशी इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज तयार झाली आणि रस्तोरस्ती पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ उभे राहिले. काचेचे दार, भिंतीवर लाल आकड्यांचा मीटर, बाहेर टेबलाशी बसलेला बूथवाला. अनोळखी माणसाला फोन निर्धास्तपणे वापरू देण्याची ही देशव्यापी व्यवस्था होती. घरच्या फोनलाही एक नवी सोय मिळाली. गुप्त क्रमांक दाबून एसटीडी, म्हणजे परगावी थेट लावायचे फोन, बंद करता येऊ लागले, स्थानिक फोन चालू ठेवून. कुलूप तबकडीवरून एक्स्चेंजमध्ये गेले आणि खटक्यावरच्या टिचक्या निरुपयोगी झाल्या. बंदी जितकी आत, तितकी ती मोडायला अवघड, हा धडा टेलिफोनने असा दिला.

एक संगणक, अनेक माणसे

दुसरी परंपरा संगणकाची. सुरुवातीच्या काळात संगणक एका माणसाचा असूच शकत नव्हता. त्याची किंमत एखाद्या संस्थेलाच परवडे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये एक व्यवस्था चालवून दाखवली, तिचे नाव सीटीएसएस. एकाच संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेली, प्रत्येकाचे काम थोडा थोडा वेळ चालवले जाई आणि प्रत्येकाला वाटे यंत्र आपल्याच सेवेत आहे. आता एकाची फाइल दुसऱ्याला दिसू नये, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड देण्यात आला. संगणकावरचा पासवर्ड आला तो असा, एकच यंत्र वाटून वापरण्याच्या गरजेतून.

पुढच्याच वर्षी तो फुटलाही. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या पासवर्डची फाइलच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावाने काम करत राहिला.

1975 मध्ये एमआयटीच्याच जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी या सगळ्या अनुभवाचे सार एका निबंधात मांडले. त्यातले एक तत्त्व आपल्या विषयाचा पाया आहे. प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरणाऱ्याला हातातले काम पुरे करण्याइतकाच अधिकार असावा, रतीभरही जास्त नाही. 1979 च्या सुमारास युनिक्समध्ये ‘सीएच-रूट’ नावाची आज्ञा आली. ती दिली की चालू असलेल्या प्रोग्रामला एक ठरावीक फोल्डर म्हणजेच सगळे जग वाटू लागते. त्याच्या वर काही आहे हे त्याला दिसतच नाही. नातवाच्या हातातल्या फोनवर गाण्याच्या ॲपपलीकडे काही उघडत नाही, त्यामागे हाच विचार आहे.

प्रयोगशाळेबाहेरच्या माणसाला असे बंदिस्त यंत्र भेटले ते किऑस्कच्या रूपात. इलिनॉय विद्यापीठात 1977 साली मरे लॅपी या विद्यार्थ्याने प्लेटो नावाच्या संगणक व्यवस्थेवर एक माहिती केंद्र उभारले. समोर स्पर्शाने चालणारा पडदा. येणारा-जाणारा कोणीही बोट लावून विद्यापीठाची माहिती काढू शके. स्वतःहून चालवायचा पहिला किऑस्क म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पुढे रेल्वे स्टेशनांवर, बँकांत, संग्रहालयांत अशी यंत्रे आली. एकच काम करायचे, बाहेर पडायची वाट राखणाऱ्याच्या हाती ठेवायची आणि पुढचा माणूस आला की पाटी पुन्हा कोरी करायची, हे त्यांचे नियम. यंत्र कोणा एकाचे नसते, म्हणून कोणाचे काही मागे उरताही कामा नये.

आपल्याकडे याच्या उलट वाटेने गेलेला एक प्रसिद्ध प्रयोग आहे. सुगाता मित्रांनी 1999 मध्ये दिल्लीत कालकाजीच्या वस्तीलगत भिंतीला भोक पाडून एक संगणक बसवला आणि तो मुद्दाम मोकळा सोडला. वस्तीतली मुले कोणी न शिकवता त्यात हिंडली, शिकली. मोकळे सोडलेले यंत्र शिकवते हे त्यातून दिसले. पण त्या संगणकात कोणाची बँक नव्हती, कोणाच्या घरचे फोटो नव्हते. बंदिस्तपणा कुठे हवा आणि कुठे नको, हे यंत्रात काय साठवले आहे त्यावर ठरते.

एक माणूस, एक फोन

भारतात मोबाइलवरचा पहिला कॉल 31 जुलै 1995 रोजी झाला. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. मोबाइलबरोबर एक नवी कल्पना आली. नंबर आता घराचा राहिला नाही, माणसाचा झाला. चाळीतली हाक बंद झाली आणि फोन खिशात गेला.

जगभर सगळीकडे मात्र असे घडले नाही. बांगलादेशात 1997 मध्ये ग्रामीणफोनने खेड्यातल्या बायकांना कर्जाने मोबाइल दिले. एक बाई फोन घेई आणि मिनिटाच्या दराने गावाला वापरायला देई. नोकियाच्या यान चिपचेस आणि इंद्री तुलुसान यांनी युगांडात जाऊन अशा सामायिक वापराचा अभ्यास केला. एक फोन, अनेक माणसे, आणि ज्याच्या हाती फोन त्याचाच निरोपावर ताबा, हे त्यांना जागोजाग दिसले.

2007 साली आलेल्या नोकिया 1200 या साध्या, स्वस्त फोनमध्ये अशा सामायिक वापराच्या खुणा दिसतात. त्यात पाचपर्यंत वेगवेगळ्या फोनबुक करता येत, म्हणजे वडिलांचे नंबर वेगळे, मुलीचे वेगळे. कॉल सुरू करण्याआधी वेळेची किंवा पैशाची मर्यादाही घालता येई. फोन एकाहून अधिक माणसे वापरणार हे आधीच धरून केलेली ती रचना होती. नोकियाच्या फोनचे कीपॅड मेनू आणि चांदणी दाबून उघडणारी पिढी अजून आपल्यात आहे. त्या फोनांत चोरण्यासारखे होते ते फार तर बॅलन्स आणि थोडे नंबर.

त्याच 2007 मध्ये आयफोन आला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि जग ‘एक माणूस, एक फोन’ या वाटेने गेले. आयफोनमध्ये वापरणाऱ्यांची वेगवेगळी खाती नव्हतीच. अँड्रॉइडची गोष्ट त्याहून नवलाची. त्याच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये अनेक माणसांनी एक यंत्र वापरण्याची सोय पहिल्यापासून आहे. प्रत्येकाला एक ओळख क्रमांक आणि एकाचे दुसऱ्याला दिसत नाही. अँड्रॉइडच्या अभियंत्यांनी हे क्रमांक माणसांना न देता ॲप्सना दिले. प्रत्येक ॲप हा जणू वेगळा रहिवासी, प्रत्येकाची खोली वेगळी. त्यामुळे गाण्याचे ॲप बँकेच्या ॲपमधले काही वाचू शकत नाही, आणि हा मोठाच लाभ आहे. पण माणसांना एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या भिंती अशा ॲप्ससाठी वापरल्या गेल्या. फोन हातात घेणारा माणूस एकच, असे गृहीत धरले गेले. लॉक उघडले की सगळ्या खोल्या उघड्या.

मुलांच्या हातातून आलेली सोय

ही उणीव संशोधकांना लवकर दिसली. 2009 मध्ये एमी कार्लसन, ए. जे. ब्रश आणि स्टुअर्ट शेक्टर या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी स्मार्टफोन वापरणाऱ्या बाराजणांशी सविस्तर बोलून फोन उसना देतानाच्या काळज्या टिपल्या. सगळे उघडे किंवा सगळे बंद असे दोनच पर्याय माणसांना पुरत नाहीत. कोण मागतो आहे त्याप्रमाणे काय दाखवायचे ते बदलते, हा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी युनशिन लिउ, लिन झाँग आणि सहकाऱ्यांनी ‘एक्सशेअर’ नावाची व्यवस्था विंडोज मोबाइल फोनवर करून दाखवली. काय द्यायचे ते निवडा, फोन द्या, परत घ्या. आजच्या सोयीची कल्पना तिथे जवळजवळ पूर्ण रूपात आहे.

कंपन्यांना जाग आली ती मात्र मुलांमुळे. आयपॅड आणि स्मार्टफोन घराघरांत गेले, मुले खेळ खेळू लागली आणि खेळात नाणी, हिरे, बेरी विकायला आल्या. आई-वडिलांनी एकदा पासवर्ड दिला की पुढची पंधरा मिनिटे पुन्हा विचारणा होत नसे. त्या पंधरा मिनिटांत अमेरिकेतल्या मुलांनी आई-वडिलांच्या कार्डावर खरेदीचा सपाटा लावला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रारी गेल्या. जानेवारी 2014 मध्ये ॲपलने किमान 3 कोटी 25 लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले आणि सप्टेंबरमध्ये गूगलने किमान 1 कोटी 90 लाख. उसन्या दिलेल्या फोनचा धोका पैशात किती होतो, याचा तो पहिला ठळक हिशेब.

तोवर उपाय बाहेर पडू लागले होते. 2012 हे वर्ष त्या दृष्टीने वेगळे काढून ठेवावे असे आहे. जूनमध्ये ॲपलने आयओएस 6 दाखवले, त्यात गायडेड ॲक्सेस होते. सप्टेंबरमध्ये ॲमेझॉनने किंडलसाठी मुलांचा ‘फ्रीटाइम’ आणला. ऑक्टोबरच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन 8 मध्ये ‘किड्स कॉर्नर’ दिला. नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइड 4.2 आले आणि टॅबलेटवर एकाहून अधिक वापरकर्त्यांची सोय झाली. सहा महिन्यांत चार मोठ्या कंपन्या एकाच प्रश्नाकडे वळल्या.

यातल्या गायडेड ॲक्सेसचा जन्म मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ॲपलचे स्कॉट फोरस्टॉल यांनी ते मांडताना आधी नाव घेतले ते ऑटिझम असलेल्या मुलांचे. आयपॅडवर बोलायला, शिकायला लागलेले मूल चुकून खालचे बटण दाबते, ॲप बंद होते आणि धडा विस्कटतो. मुलाचे लक्ष एका ठिकाणी राहावे आणि चुकीच्या एका स्पर्शाने त्याची मेहनत वाया जाऊ नये, म्हणून ही सोय. परीक्षा घेणारे शिक्षक आणि संग्रहालये यांचा उपयोग त्याच्या जोडीला सांगितला. त्यामुळे आजही ती आयफोनच्या सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात नाही, अपंगांसाठीच्या सोयींच्या भागात आहे.

तिची रचनाही जवळून पाहण्यासारखी आहे. ॲप उघडून बाजूचे बटण तीनदा दाबायचे. पडदा थोडा आक्रसतो आणि त्यावर बोटाने गोल काढता येतो. जिथे गोल काढला तो भाग करडा होतो आणि स्पर्शाला दाद देत नाही. जाहिरातीवर गोल काढा, खरेदीच्या बटणावर काढा. हवे तर स्पर्शच पूर्ण बंद करा, म्हणजे दाखवलेला फोटो कोणी पुढे सरकवू शकत नाही. आवाजाची बटणे, कीबोर्ड, वेळेची मर्यादा असे सगळे वेगवेगळे ठरवता येते. बाहेर पडायला पुन्हा तीनदा बटण आणि पासवर्ड.

अँड्रॉइडच्या फोनवर ही सोय 2014 च्या अखेरीस आली, लॉलिपॉप म्हणजे 5.0 आवृत्तीत. तेव्हा तिचे नाव ‘स्क्रीन पिनिंग’ होते. त्याच आवृत्तीने फोनवर पाहुण्यांसाठी वेगळे खातेही दिले. ॲप पिन करणे मात्र आपोआप चालू नसते; आधी सेटिंग्जमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन ते चालू करावे लागते. मग अलीकडे उघडलेल्या ॲप्सच्या यादीत जाऊन हव्या त्या ॲपच्या चिन्हावर बोट ठेवले की ‘पिन करा’ असा पर्याय येतो. मागे जाण्याचे आणि यादीचे बटण एकत्र दाबून धरले, किंवा नव्या फोनांत खालून वर बोट सरकवून धरले, की ते सुटते. सुटताना पासवर्ड विचारावा की नाही, ही निवड स्वतंत्र आहे. ती चालू केली नसेल तर ज्याला बटणे ठाऊक आहेत तो कोणीही बाहेर पडू शकतो. लोकांची फसगत बहुधा इथेच होते.

किऑस्कची परंपराही याच सुमारास फोनमध्ये येऊन मिळाली. संस्थेच्या मालकीचा फोन एकाच कामाला कायमचा जुंपण्याची व्यवस्था अँड्रॉइडने आणि ॲपलने दोघांनीही दिली. तिथे ॲप कोणते चालेल हे संस्था ठरवते आणि हातात फोन असलेल्याला ते मोडता येत नाही. हॉटेलातला ऑर्डरचा टॅबलेट अशा यंत्रांपैकी एक. एसटीच्या वाहकाच्या हातातले तिकिटाचे यंत्रही आता अँड्रॉइडवरच चालते.

आपल्या घरातला एक फोन

भारतात या सोयीची खरी गरज दोन घटनांनी वाढवली. पहिली, एप्रिल 2016 मध्ये आलेली यूपीआय. तोवर फोन हरवला तर फोन गेला असे होते. आता फोनच्या पोटात बँकेचे खाते आले आणि ओटीपी येण्याची जागाही तीच राहिली.

दुसरी घटना मार्च 2020 ची. शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आले. मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचे प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होते. 2020 मध्ये ते 61.8 टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत एवढी वाढ, आणि तरीही दर दहांतली जवळजवळ चार मुले फोनविना. जिथे फोन होता तिथे अनेकदा तो वडिलांचा, एकच. सकाळी त्याच्यावर थोरलीचा वर्ग, दुपारी धाकट्याचा गृहपाठ, संध्याकाळी वडिलांचे व्यवहार. असा फोन मुलांच्या हाती तासन्‌तास देताना एका ॲपवर खिळवून देता येतो, हे त्या घरांना सांगायला हवे होते. शाळांच्या सूचनांत कोणते ॲप डाउनलोड करायचे ते असे. फोन कसा द्यायचा ते क्वचितच असे.

कुलूप कुठे अपुरे पडते

आता डायलच्या कुलपाकडे परत जायला हवे. ॲपभोवती कुंपण घातले तरी ॲपच्या आत माणूस मोकळाच असतो. व्हॉट्सॲप पिन करून दिले तर सगळी संभाषणे उघडी. फोटोंचे ॲप पिन करून दिले तर एक फोटो पाहता पाहता बोट पुढच्या हजार फोटोंवर जाते. सगळ्यांत धोक्याचे म्हणजे डायलर. अनोळखी माणसाला ‘एक फोन’ करू देताना फक्त डायलर उघडा ठेवला तरी त्याच डायलरवर एक कोड दाबून तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवता येत होते. मग बँकेचा फोनवरून येणारा ओटीपीही तिकडेच. या मार्गाने इतक्या फसवणुका झाल्या, की दूरसंचार विभागाने अशा, म्हणजे यूएसएसडी, कोडने चालणारे कॉल फॉरवर्डिंग 15 एप्रिल 2024 पासून थांबवायला कंपन्यांना सांगितले. एसटीडीच्या बाबतीत झाले तेच इथे झाले. यंत्रावरची बंदी पुरली नाही, तेव्हा ती एक्स्चेंजच्या बाजूने घालावी लागली. म्हणून अनोळखी माणसाला मदत करायची तर नंबर आपण लावावा, स्पीकर चालू करावा आणि फोन आपल्याच हातात ठेवावा.

गूगललाही ही मर्यादा मान्य आहे. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ॲप पिन करण्याच्या पानावरच सूचना असते: पिन केलेले ॲप दुसरी ॲप्स उघडू शकते, वैयक्तिक माहिती दिसू शकते, आणि फोन सुरक्षितपणे द्यायचा असेल तर पाहुण्याचे खाते वापरावे. सल्ला योग्य आहे. पण काही कंपन्या आपल्या फोनांतून पाहुण्याचे खाते काढूनच टाकतात. ज्या देशात घरातला फोन चार हातांतून फिरतो तिथे हा भाग काढणे अन्यायाचे आहे.

दुसरी मर्यादा त्याहून खोल आहे. डायलच्या कुलपापासून ॲप पिन करण्यापर्यंत प्रत्येक उपाय मालकाच्या बाजूने विचार करतो. पण नाही म्हणण्याची मुभाच नसलेल्या मालकिणीच्या खासगीपणाचे काय? नित्या सांबासिवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या 199 महिलांशी बोलून 2018 मध्ये एक अभ्यास मांडला. या बायकांचा फोन नवरा, सासू, मुले, दीर असे सगळे हाताळतात, आणि नाही म्हणण्याची सोय नसते. पूर्ण फोनला लॉक लावले तर ‘लपवण्यासारखे काय आहे’ असा प्रश्न येतो. मग त्या निवडक ॲप्सना लॉक लावतात, एखादा मेसेज किंवा शोधाची एखादी नोंद तेवढी पुसतात, किंवा काही गोष्टी फोनवर करायच्याच टाळतात. त्यांना हवी होती ती फोन नेहमीसारखा उघडा दिसत असताना आपला एक कोपरा झाकण्याची सोय. एका ॲपवर फोन खिळवणे त्यांच्या कामाचे नाही. सासूच्या हातात फोन देताना तो खिळवून दिला तर घरात रामायण होईल.

या बाजूने कामाला आता कुठे सुरुवात झाली आहे. मे 2023 मध्ये व्हॉट्सॲपने निवडक संभाषणे वेगळ्या कुलपात ठेवण्याची सोय दिली, आणि ती देताना घरच्यांबरोबर फोन वाटून वापरणाऱ्यांचा उल्लेख आवर्जून केला. 2024 मध्ये अँड्रॉइड 15 ने ‘प्रायव्हेट स्पेस’ आणली, आयओएस 18 ने ॲप लपवण्याची आणि लॉक करण्याची सोय दिली. पण हे महागड्या आणि नव्या फोनांत आधी पोहोचते, आणि ज्या घरात एकच फोन आहे तिथला फोन सहसा जुना असतो.

सीटीएसएसच्या टर्मिनलपासून इथवर पाहिले तर एकाच यंत्रावर अनेक माणसे हीच नेहमीची अवस्था होती. एक माणूस एक फोन हा मधला थोड्या वर्षांचा आणि थोड्या लोकांचा अपवाद. म्हणून पाहुण्याचे खाते, एका ॲपपुरता फोन आणि घरातल्या प्रत्येकाचा झाकलेला कोपरा या तीन गोष्टी सगळ्यांत स्वस्त फोनमध्येही असायलाच हव्यात, आणि त्यांची माहिती मराठीत, फोनच्या खोक्यावर छापलेली हवी. तोवर आपल्या हाती आहे तेवढे आज करावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप पिन करणे चालू करा, सुटताना पासवर्ड विचारण्याचा पर्यायही चालू करा, आणि हे घरातल्या आजीला, आईला, मुलांना स्वतः करून दाखवा. नातवाच्या हातात फोन द्यायला मग कोणाचीच ना राहणार नाही.